बिडाच्या पोटातलं

उद्यमबागेतल्या फौंड्रीत बत्तीस वर्षं घालवलेला माणूस अमेरिकेत गेला तरी नायगाराच्या आधी बीडच बघणार, असं आमच्या घरात चेष्टेनं म्हणतात. मिशिगनला भाच्याकडे गेलो तेव्हा नेमकं तसंच झालं.

भाच्यानं 1969 ची शेव्हरोले कॅमेरो घेऊन ठेवलीय. मध्यम बांध्याच्या गाडीत दांडगं व्ही-8 इंजिन बसवून 1960 च्या दशकात तिकडं ज्या ‘मसल कार’ निघाल्या, त्यातली ही एक. बॉडी चांगली, पण इंजिन नाही. त्याला 350 घनइंची, म्हणजे सुमारे 5.7 लिटरचा ब्लॉक हवा होता. एकाकडे तो सातशे डॉलरला मिळत होता. पैसे गावी यायच्या तिकिटासाठी साठवलेल्यातले. भाचेसून धारवाडची. ती एवढंच म्हणाली, “मामा, तुम्ही एकदा बघा. ताळिदवनु बाळियानु.”

ब्लॉक विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये मांडून ठेवला होता. हेड काढलेले, ऑइल पॅन काढलेला, वर ताजा नारिंगी रंग. भाचा मागच्या बाजूचा ओतीव नंबर बोटानं चाचपत म्हणाला, “मामा, 3970010! फोर-बोल्ट!” मी म्हटलं, थांब. हा नंबर 1969 पासून पुढं 70 च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला. ओतल्याच्या तारखेत वर्षाचा शेवटचा आकडाच असतो, म्हणजे 9 दिसला तर 69 ही असेल, 79 ही. आणि याच नंबरचे ब्लॉक दोन बोल्टचेही निघालेत. ते नंबरावरून नाही, तर ब्लॉक उलटा करून मधल्या तीन बेअरिंग कॅपचे बोल्ट मोजूनच कळतं. मोजले. चार होते. भाचा खूश.

मग बोअर. मूळ माप 4.000 इंच. आमच्या गेजवर वरच्या बाजूला 4.036 आलं. म्हणजे आधी कुणीतरी तीस थाऊ वाढवून घेतलेत आणि त्यावर सहा थाऊ झिजलंय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाळीसवर बोअर केलं तर साफ होईल, पण त्याच्या पुढं भिंत पातळ होत जाते. साठच्या पुढं कुणी नेलेला ब्लॉक फुकट दिला तरी मी हात लावणार नाही.

इथवर ठीक होतं. मला खुपत होता तो रंग, आणि कुशीवरचे नवे कोरे पितळी प्लग. तिकडं लोक त्यांना ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात. पाणी गोठलं की ते निसटतात आणि ब्लॉक वाचतो, अशी समजूत. फौंड्रीवाल्याला विचारा. ती भोकं पाण्याच्या पोकळीचा वाळूचा कोअर धरायला आणि ओतल्यावर ती वाळू बाहेर काढायला असतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. प्लग निसटला आणि ब्लॉक वाचला, तर ते नशीब.

इथं मला माझा जुना गुन्हा आठवला. बेळगावात एका मित्राच्या जीपसाठी जुना ब्लॉक मी नुसता बघून पास केला होता. आवाज खणखणीत, नंबर बरोबर, आणि मी फौंड्रीतला म्हणून माझा शब्द प्रमाण. महिन्याभरात ऑइल चहासारखं दुधाळ झालं. आतून तडा होता. लग्नसराईची सगळी भाडी गेली. तो मला एका शब्दानं बोलला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून रॉकेल मागितलं. दोन रांगांच्या मधल्या खोबणीत, जिथं लिफ्टर बसतात, तिथं फडक्यानं चोपडलं, थोडं थांबून कोरडं पुसलं. भाच्याच्या मुलीच्या हातात रस्त्यावर चित्रं काढायचा जाडा खडू होता, त्याची पूड करून भुरभुरली. आम्ही पाचही जण वाकून बघत होतो. दोन मिनिटांत पांढऱ्यावर केसासारखी एक काळी रेघ उमटली, चांगली वीतभर. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. पोरगी आईला म्हणाली, “अम्मा, बिरुकु!”

विकणारा गप्प. त्यानंही तो रंगवलेलाच घेतला होता म्हणे. मला ते खरं वाटलं. मीही एकदा तसाच फसलो होतो, आणि दुसऱ्याला फसवलं होतं.

परतताना भाचा तोंड पाडून गाडी चालवत होता. नंतर त्याला दुसरा मिळाला. तेलकट, मळका, बोअर अजून मूळ मापाच्या जवळ. यावेळी पैसे देण्याआधी त्यानं तो मशीन शॉपमध्ये नेला, गरम टाकीत धुवून घेतला आणि चुंबकीय पूड टाकून तपासून घेतला. रॉकेल-खडूनं दिसला तर तडा नक्की. पण नाही दिसला म्हणून नाहीच असं नाही, हे मी त्याला बजावलं होतं.

वाचकहो, जीपचा असो, पंपाचा असो की कॅमेरोचा, जुना ब्लॉक घेताना रंगवलेल्यापेक्षा मळका बरा. आणि माझ्यासारखा कुणी जाणता नुसतं बघून “चालेल” म्हणाला, तर त्याच्या हातात आधी रॉकेलचं फडकं द्या.