घरबसल्या पाहा, पण निवडून पाहा

वाचकहो, हल्ली मोबाइलच्या रिचार्जबरोबर सिनेमे आणि मालिका घरात येऊ लागल्या आहेत. "पोरं रात्र रात्र काहीतरी बघत बसतात, त्यात आपल्या बघण्याजोगं काही आहे का?" असे अनेक भगिनी आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. एकेकाळी भाड्याने व्हीसीआर आणला की सगळी गल्ली मिळून एकच सिनेमा पाहायची. आता दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसे चार कोपऱ्यांत चार मोबाइल घेऊन बसतात. बघण्याला आमची हरकत नाही. निवड मात्र आपली हवी आणि बघणे एकत्र हवे.

आमची कसोटी साधी आहे. पडद्यावरचा आपला माणूस नुसता मार खातो, की शिकतो, बोलतो, जाब विचारतो, स्वतःचा निर्णय स्वतः घेतो? हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षे आपल्याला एक तर दाखवलेच नाही, नाहीतर दयेचा विषय करून दाखवले. अलीकडे हे चित्र थोडे पालटले आहे.

पहिली शिफारस 'होमबाउंड'ची. सप्टेंबर २०२५ मध्ये हा चित्रपट थिएटरात लागला, मग नेटफ्लिक्सवर आला. भारताने तो ऑस्करसाठीही पाठवला. दिग्दर्शक नीरज घायवान हे दलित मराठी कुटुंबातले आणि पुण्यातच एमबीए झालेले. उत्तर भारतातल्या खेड्यातले दोन जिवलग मित्र, एक दलित, एक मुसलमान. दोघांनाही पोलिसाची नोकरी हवी आहे, कारण अंगावर वर्दी आली की कोणी जात-धर्म विचारणार नाही, अशी त्यांची समजूत. चंदन अर्ज भरताना आपली जात लपवतो. पुढे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे दोघे परमुलखात अडकतात.

चंदनची ही लपवाछपवी आपल्या घरांना परकी नाही. पुण्यात भाड्याची खोली शोधायला गेलेल्या आपल्या मुलाला "आडनाव काय?" असे विचारले की त्याचा घसा कोरडा पडतो. तो घरी येऊन काही सांगत नाही. सिनेमा संपल्यावर त्याला हळूच विचारा, "तुलाही असं कधी झालं का रे?" एरवी वर्षभर न निघालेला विषय त्या रात्री निघेल. चंदनच्या बहिणीकडेही लक्ष द्या. शिकण्याची संधी घरात भावालाच मिळाली, हे ती तोंडावर सांगते. आपल्या घरातल्या मुलींच्या मनातही हे असू शकते. तेव्हा बापांनीही हा सिनेमा शेवटपर्यंत बसून पाहावा.

नेटफ्लिक्सवरच शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' आहे. ऑगस्ट २०२५ चा हा चित्रपट 'परियेरुम पेरुमाळ' या २०१८ च्या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. कायदा शिकायला आलेल्या निलेशला कॉलेजात जो अपमान सोसावा लागतो, तो आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी जरूर पाहावा. मारहाणीची दृश्ये आहेत, म्हणून लहानग्यांना दूर ठेवा.

ॲमेझॉन प्राइमवर सूर्या या अभिनेत्याचा 'जय भीम' (२०२१) हिंदीतही आहे. १९९३ साली तमिळनाडूत घडलेल्या पोलीस कोठडीतल्या अत्याचाराच्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. ते प्रकरण लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. छळाची दृश्ये फार कठोर आहेत. पण एक निरक्षर, गरोदर बाई पोलिसांच्या पैशाला लाथ मारून कोर्टाची पायरी चढते, ते पाहण्यासारखे आहे.

त्याच ॲपवर 'मेड इन हेवन' ही मालिका आहे. सगळी मालिका कुटुंबाने मिळून बघावी अशी नाही. परंतु २०२३ साली आलेल्या दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग मोठ्यांनी अवश्य पाहावा. तोही घायवान यांचाच. राधिका आपटेने साकारलेली उच्चशिक्षित पल्लवी मेनके आपले लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हावे म्हणून सासरच्यांपुढे ठाम उभी राहते. शुभ्र साडीतली ती नवरी आणि समोर बाबासाहेबांची प्रतिमा, असे दृश्य एवढ्या मोठ्या मालिकेत बघताना आम्हांला भरून आले.

घरातल्या आजी-आजोबांसाठी स्टार प्रवाहची 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका जिओहॉटस्टारवर लावून द्या. मे २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात ती चालली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब साकारले आहेत.

पदरचा पैसा न घालवता पाहायचे असेल, तर श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही २०१४ ची मालिका यूट्यूबवर आहे. राज्यसभा टीव्हीसाठी केलेले दहा भाग. सचिन खेडेकर यात बाबासाहेब झाले आहेत. घटना समितीत कोण काय बोलले, बाबासाहेबांनी कोणाला कसे उत्तर दिले, हे शाळकरी मुलांनाही समजते. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरुवात करून दर रविवारी एक भाग पाहिलात, तर २६ नोव्हेंबरच्या आत मालिका पूर्ण होते.

प्रतीक गांधी यांचा 'फुले' (२०२५) पाहायला मिळाला तर सोडू नका. सेन्सॉरने सुचवलेले बदल आणि वाद यांमुळे तो ११ एप्रिलऐवजी २५ एप्रिलला लागला. पाहून झाला की मुलांना गंज पेठेतल्या फुले वाड्यात घेऊन जा. पडद्यावरची माणसे आपल्याच गावात राहत होती, हे त्यांना तिथे कळेल.

शेवटी हिशेबाचे. दोन ॲपचे पैसे एकाच महिन्यात भरू नका. एका महिन्यात नेटफ्लिक्स घ्या, दोन्ही सिनेमे पाहा आणि बंद करा. पुढच्या महिन्यात प्राइम. खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी मात्र आठवणीने रद्द करा, नाहीतर मुलांच्या वह्यांचे पैसे तिकडे जातील. आणि महिन्यातून एक रविवार तरी चारही मोबाइल बाजूला ठेवून, घरातल्या सगळ्यांनी एकाच पडद्यासमोर बसावे.