शून्याजवळचं घर्षण आणि वाळूजची हवा

बजाजचा कारखाना 1985 साली वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांची एक पेठच उभी राहिली. शॉक अब्सॉर्बर, ब्रेक, क्लच, पिस्टन, बेअरिंग. यादी नीट वाचली तर कळतं, की छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी घरांची चूल घर्षणावर पेटते. ब्रेक आणि क्लचला ते हवं असतं, बाकी सगळ्यांना नको असतं. एनआरबी ही 1965 साली सुरू झालेली कंपनी घ्या. भारतात नीडल रोलर बेअरिंग पहिल्यांदा तिनं बनवली आणि आज तिचे कारखाने जालन्यातही आहेत, वाळूजलाही आहेत. मोटारसायकलच्या कनेक्टिंग रॉडमध्ये अशी बेअरिंग बसते. पिंजऱ्यात ओळीनं बारीक, लांबट रोलर. धातूवर धातू घासण्याऐवजी मध्ये काहीतरी गडगडू द्यायचं, एवढीच त्यामागची युक्ती.

हीच युक्ती अणूंच्या पातळीवर चालते, हे 2015 साली अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दिसलं. ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत अनिरुद्ध सुमंत आणि संकेत देशमुख ही आपल्या कानांना सवयीची नावं आहेत. त्यांनी सिलिकाच्या पृष्ठभागावर ग्राफिनचे तुकडे पसरले. ग्राफिन म्हणजे ग्रॅफाइटचा एकच अणूथर. त्यावर नॅनो आकाराचे हिऱ्याचे कण टाकले आणि हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा लेप दिलेला गोळा त्यावरून घासत नेला. सुरुवातीला घर्षण चांगलंच होतं. नव्या इंजिनाचं रनिंग-इन व्हावं तसा थोडा वेळ गेला आणि आकडा झपकन खाली आला. ग्राफिनचे तुकडे हिऱ्याच्या कणांभोवती गुंडाळले जाऊन त्यांच्या सुरळ्या झाल्या होत्या आणि त्या सुरळ्यांवरून गोळा सरकत होता. घर्षणांक भरला 0.004.

हा आकडा किती लहान आहे ते वजनात सांगतो. 100 किलोची वस्तू कोरड्या पोलादावरून पोलाद घासत सरकवायची तर साधारण 60 किलोचा जोर लागतो. तेलाचा पातळ थर दिला की तो 10 किलोंच्या आसपास येतो. 0.004 म्हणजे 400 ग्रॅम.

घर्षण असं जवळपास नाहीसं होऊ शकतं, हे हिरानो आणि शिंजो या जपानी संशोधकांनी 1990 च्या सुमारास कागदावर मांडलं होतं. पन्हाळी पत्र्यावर पन्हाळी पत्रा सरळ ठेवला की पन्हळीत पन्हळ बसते आणि तो आडवा हलत नाही. वरचा जरा फिरवला की अडकायला जागाच उरत नाही. अणूंच्या रांगांचंही तसंच. 2004 साली नेदरलँड्समध्ये ग्रॅफाइटचा सूक्ष्म कपचा ग्रॅफाइटवरच फिरवून पाहिला, तेव्हा रांगा जुळल्या की घर्षण वाढायचं, थोडं फिरवलं की जवळपास नाहीसं व्हायचं आणि 60 अंशांवर पुन्हा उसळायचं. ग्रॅफाइटची षटकोनी जाळी 60 अंशांनी स्वतःशी पुन्हा जुळते, म्हणून. मला या सगळ्या विषयातला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. अरगॉनमधला तो 0.004 कोरड्या नायट्रोजनमधला आहे. दमट हवेत पाण्याच्या थरामुळे ग्राफिन पृष्ठभागाला चिकटून राहतं, सुरळ्या वळत नाहीत आणि घर्षण कमी होत नाही. संशोधकांनी हे निबंधातच स्वच्छ लिहिलं आहे. ऑगस्टमधलं वाळूज म्हणजे कोरडा नायट्रोजन नव्हे. शिवाय धूळ आहेच. ग्राफिनच्या एका थराची जाडी एका नॅनोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, तर दहा मायक्रॉनच्या एका धूलिकणाच्या जाडीत असे सुमारे 30 हजार थर मावतील. असा एक कण आत शिरला तर सुरळ्यांचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हे ज्ञान आधी बंदिस्त जागी वापरात येईल असं मला वाटतं: उपग्रहांचे सांधे, सील केलेल्या बेअरिंग, सूक्ष्म यंत्रं. गिअरबॉक्समध्ये ते उद्या येणार नाही. पण ‘नॅनो’ आणि ‘ग्राफिन’ लिहिलेले डबे स्पेअर पार्टच्या दुकानांत आलेच आहेत. छोट्या कारखानदारानं विकणाऱ्याला चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. घर्षणांक किती भार असताना मोजला? किती वेगाला? किती तापमानाला? आणि हवेत दमटपणा किती होता? यातलं एकही उत्तर नसेल तर डब्यावरच्या आकड्याला अर्थ नाही.

तरीही हा विषय परदेशी प्रयोगशाळांवर सोडून देणं मला मान्य नाही. होल्मबर्ग आणि एर्देमिर यांच्या 2017 च्या हिशेबानुसार जगातल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के घर्षणावर मात करण्यात जाते आणि आणखी सुमारे 3 टक्के झिजलेले भाग नव्यानं बनवण्यात. यातले एर्देमिर अरगॉनच्या निबंधाचेही सहलेखक आहेत. घर्षणावर पोट भरणाऱ्या शहरानं या आकड्यांकडे दुरून पाहू नये. एप्रिलच्या दुपारची खडखडीत कोरडी हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा, दोन्ही एकाच गावात मिळतात. एखादा लेप दोन्हींत टिकतो का, हे इथेच पाहता येईल. त्यासाठी महासंगणक लागत नाही. घर्षण मोजणारं पिन-ऑन-डिस्क यंत्र, तापमान आणि दमटपणा मोजण्याची सोय आणि वर्षभर चिकाटीनं नोंदी ठेवणारे दोन विद्यार्थी लागतात.

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम आणि मराठवाडा ऑटो क्लस्टर यांना माझी विनंती आहे. वाळूज आणि शेंद्र्यातल्या लहान कारखानदारांकडून वंगणाचे आणि लेपांचे नमुने मागवा, महिन्यामहिन्याला मोजा आणि निघालेले आकडे मराठीत सर्वांसाठी छापा. पहिला नमुना यंत्रावर या पावसाळ्याआधीच चढवा.