मंडळाचे वाद्य

नांदगाव खंडेश्वर येथील एखाद्या भजनी मंडळाने वर्गणीतून सिंथेसायझर हे विजेवरील वाद्य घ्यावे, की संगणकातील सॉफ्टवेअरवर भागवावे? १९८३ साली आलेल्या जपानच्या यामाहा कंपनीच्या ‘डीएक्स ७’मध्येही स्वर घडे तो आकडेमोडीनेच. आज तीच आकडेमोड संगणक करतो, आणि तीही स्वस्तात! नादात फारसे उणे नाही. परंतु संगणक बहुधा कोणा एकाच्या घरचा. धनी परगावी गेला की साथ बंद. शिवाय कळ दाबल्यावर स्वर उमटण्यास त्यास कधीकधी किंचित विलंब होतो, आणि टाळ तर कोणासाठी थांबत नाहीत. मंडळाचे वाद्य देवळात राहील; सायंकाळी एखादे पोरही त्यावर बोटे फिरवून पाहील. वर्गणी वाद्यातच घालावी. वीज गेलीच, तर जुनी पेटी आहेच.