आधी आवाज, मग एलिव्हेशन

परवा आपल्या गावातल्या एका ग्रुपवर कुणीतरी सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'लासूर स्टेशनला असं सभागृह कधी?' बरेच अंगठे आले, त्याहून जास्त हसरे चेहरे. मला काही हसू आलं नाही. मागणी बरोबर आहे, फोटो तेवढा चुकलाय.

शिडांसारखी ती छपरं जगाने डोक्यावर घेतली, खरंय. पण आतली गोष्ट ऐका. १९५७ साली डेन्मार्कच्या योर्न उत्झनचं डिझाइन निवडलं. अंदाज होता ७० लाख डॉलरचा. १९७३ ला उद्घाटन होईपर्यंत खर्च १० कोटी २० लाखांवर गेला. उत्झन १९६६ लाच भांडून निघून गेला. (आपल्याकडे इस्टिमेट वाढलं म्हणून कुणी निघून गेल्याचं मी तरी पाहिलं नाही.) पुढे ज्या मोठ्या हॉलमध्ये ऑपेरा व्हायचा, तिथली बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली, हॉल वाद्यवृंदाला दिला आणि ऑपेराला शेजारच्या लहान हॉलमध्ये पाठवलं. तिथे वादकांना बसायला जागा अपुरी. नाव ऑपेरा हाऊस अन् अडचण ऑपेराचीच! मोठ्या हॉलच्या आवाजाच्याही तक्रारी होत्या, तो दुरुस्त होऊन उघडला २०२२ मध्ये.

ऑपेरा आपल्याला परका नाही. आपलं संगीत नाटक त्याच्याच भावकीतलं. १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं तेव्हा माईक कुठे होता? नटाचा गळा आणि इमारत, दोघांनी मिळून आवाज शेवटच्या माणसापर्यंत न्यायचा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१५ ला सुरू केलेलं पॅलेस थिएटर त्याच काळातलं. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. कलावंत ढसाढसा रडले. ते काही दर्शनी भिंतीसाठी रडले नव्हते.

आता आपलं बघा. गावात कार्यक्रम म्हटला की मंगल कार्यालय. खाली गुळगुळीत फरशी, भिंतीला टाइल्स, वर पत्रा. मागे पोरांची एकांकिका होती, मी मागच्या बाजूला बसलो होतो. निम्मे संवाद कळलेच नाहीत. लगेच कुणीतरी ओरडलं, 'आवाज वाढव रे!' वाढवला, तर अजूनच गोंधळ. कारण आवाज कमी नव्हताच, तो भिंतींवर आपटून परत येत होता. बोलण्याच्या कार्यक्रमाला हा घुमारा साधारण एका सेकंदात विरायला हवा. टाइल्स आणि पत्र्यात तो रेंगाळतो, मागचा शब्द पुढच्या शब्दावर चढतो. पोरांनी महिनाभर तालीम केली होती हो.

म्हणून माझं म्हणणं, तीन-चारशे खुर्च्यांचंच करा, पण नाटकाचं करा. शेवटची खुर्ची रंगमंचापासून वीस मीटरच्या आत, म्हणजे नटाचा चेहरा दिसेल. मागे सेटचा टेम्पो थेट स्टेजला लागेल असं दार. मेकअपची खोली, बायकांसाठी वेगळं आणि पाणी येणारं स्वच्छतागृह. पत्र्याचं छत अजिबात नको, पावसात नाटक बंद पडेल. वीजबिल आणि झाडलोट कोण करणार, तेही आधीच कागदावर यायला हवं. बाहेरून साधी भिंत दिसली तरी चालेल. बॅनरने ती तशीही झाकली जाणारच आहे!

आणि जागा. आपलं गाव रेल्वेवर वसलंय, भोंगा आपल्याला ऐकूही येत नाही इतकी सवय झालीय. नाटकातल्या शांत प्रसंगात मात्र तो ऐकू येईल. जागा बघायला जाणाऱ्यांनी दुपारी फोटो काढून परत येऊ नये. रात्री नऊनंतर, मालगाडी जाते त्या वेळी तिथे दहा मिनिटं गप्प उभं राहून बघा. बोलवा, मीही येतो.