बॅटरीचं खरं वय

इलेक्ट्रिक गाडीतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅटरी, आणि नेमकं तिच्याबद्दलच मालकाला सगळ्यात कमी सांगितलं जातं. समोरच्या पडद्यावर टक्के दिसतात, उरलेले किलोमीटर दिसतात, संपलं. गाडी नवी असताना बॅटरीत जेवढी वीज मावत होती तेवढी आज मावते का, हे बहुतेक गाड्या सांगतच नाहीत. पूर्ण भरली की तेव्हाही शंभर टक्के दिसायचे, आजही शंभरच दिसतात.

हे बघायची वाट मात्र गाडीतच असते. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ हात घातला की १६ पिनांचं सॉकेट लागतं. मेकॅनिक आपला स्कॅनर लावतो तेच. अमेरिकेत १९९६ पासून ते नव्या मोटारींना सक्तीचं झालं ते धुराच्या तपासणीसाठी. धूर न सोडणाऱ्या बहुतेक गाड्यांतही ते राहिलं. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल खोचायचा आणि फोनवर ॲप उघडायचं. धुराच्या तपासणीचे कोड सगळ्या कंपन्यांचे सारखे असतात. बॅटरीचे कोड ज्याचे त्याचे, आणि कंपन्या ते सहसा जाहीर करत नाहीत. गाडीमालकांनी एकेक कोड पाठवून, उत्तर ताडून ते शोधले आणि एकमेकांना फुकट दिले. या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

आमच्या गाडीची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, साधारण ३० युनिटची. बोरघाटात फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्यावा (चालवणाऱ्याने त्याकडे अजिबात बघू नये) आणि त्याने आकडे वाचून दाखवावेत. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत गाडी साधारण ५५० मीटर वर चढते. माणसांसकट १७०० किलोचं वजन तेवढं उचलायलाच अडीच युनिट लागतात. वारा आणि टायर आपला वाटा वेगळा घेतात. ताशी ६० च्या वेगाने चढताना आकडा २५ किलोवॉटच्या घरात जातो. उतरताना मात्र त्याच आकड्यापुढे वजाचं चिन्ह येतं, कारण मोटर आता वीज परत भरत असते. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? म्हणून लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नये. मोटरचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

मी जास्त वेळ बघते ते सेलचे व्होल्टेज. बॅटरीतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमकुवत सेल तळाला टेकला की सगळी बॅटरी थांबते, बाकीच्यांत कितीही वीज शिल्लक असली तरी. आयर्न फॉस्फेट सेलची आणखी एक गोष्ट म्हणजे त्याचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच पट्ट्यात ३.३ च्या आसपासच रेंगाळतं. नुसत्या व्होल्टेजवरून किती वीज उरली ते सांगता येत नाही. मग गाडी आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवते, आणि त्यात थोडी थोडी चूक साठत जाते. अधूनमधून घरच्या संथ चार्जरवर पूर्ण भरली की तो हिशेब जुळतो आणि सेलही एकमेकांच्या बरोबरीला येतात.

या आकड्यांचं महत्त्व निसान लीफच्या मालकांनी दाखवून दिलं. ही गाडी २०१० च्या डिसेंबरात बाजारात आली. तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करायची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या रणरणत्या उन्हात अनेकांच्या बॅटरीची क्षमता झपाट्याने घसरली. डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ पट्ट्या होत्या, पण पहिली पट्टी जाईपर्यंत जवळपास १५ टक्के क्षमता गेलेली असायची. मालकांनी स्वतः मोजमाप करून हिशेब मांडले, ओरड केली, आणि कंपनीला क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली: ५ वर्षं किंवा ६० हजार मैलांच्या आत ९ पट्ट्यांखाली गेली तर दुरुस्ती किंवा बदली.

परवा भाच्याबरोबर जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेले होते. विकणारा सांगत होता, "रनिंग कमी आहे साहेब, बॅटरी एकदम टकाटक." भाचा म्हणाला, "आत्या, तू लाव ना ते तुझं." लावलं. गाडी उभी असताना सगळे सेल एका रांगेत. मग पुलाच्या चढावर भाच्याने जोरात पिकअप घेतला, तेव्हा बाकीचे ३.१ ला आणि एकच सेल २.९ ला खाली गेला. पाय काढला की पुन्हा वर. विकणाऱ्याने फोन हातात घेऊन तो आकडा दोनदा बघितला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं. कंपनीच्या वर्कशॉपचा रिपोर्ट आणा, मग किमतीचं बोलू, असं ठरलं.

आपल्याकडे ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची बॅटरी वॉरंटी सर्रास मिळते. पण दावा करायचा तर आकडा लागतो, आणि तो कंपनीच वाचणार, कंपनीच सांगणार. हे मला मान्य नाही. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनी ही माहिती वाचण्याचा हक्क बॅटरी विकत घेणाऱ्याला दिला आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेल्या नियमांत २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीचं आरोग्य गाडीतच दिसायला हवं, असं म्हटलं होतं. आपण पेट्रोल गाडीला पीयूसी मागतो, विजेच्या गाडीला ती लागत नाही. मग गाडी नावावर करताना आरटीओत जे कागद जोडतो, त्यात बॅटरीच्या आरोग्याचा एक सही-शिक्क्याचा कागद का नसावा?

तोवर जुनी गाडी बघायला जाणार असाल तर बॅटरी २० टक्क्यांच्या आसपास आणून ठेवायला सांगा. कमकुवत सेल तिथेच उघडा पडतो. चढावर चालवून बघा. काम झालं की डोंगल काढून घ्या, कारण लावून ठेवला तर तो १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरवतो, आणि ती उतरली की मोठी कितीही भरलेली असली तरी गाडी सुरूच होत नाही.