उपनगरी गाडीचा ताळेबंद

मुंबईची उपनगरी रेल्वे तोट्यात चालते, ही तक्रार जुनी आहे. तिकिटांच्या उत्पन्नातून खर्च भागत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. काटकसरीची चाड केवळ भांडवलदारांनीच बाळगावी, असेही नव्हे. सार्वजनिक पैशाच्या उधळपट्टीची झळ अखेर गरिबालाच लागते. प्रश्न एवढाच की, कार्यक्षमता मोजावयाची कशाने?

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने काही साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या सुरू केल्या. महाग तिकिटामुळे दर प्रवाशामागील उत्पन्न वाढते, हे कागदावर ठीक. परंतु साध्या गाडीचा पासधारक त्यामुळे नाहीसा होत नाही. तो पुढच्या, आधीच भरलेल्या गाडीच्या दारात लोंबकळतो. त्याची दगदग आणि त्याच्या जिवाचा धोका हाही खर्चच होय. मात्र तो रेल्वेच्या वहीत चढत नाही. कळवा व बदलापूरच्या प्रवाशांनी निदर्शने केली, तेव्हा कुठे वाढविलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेण्यात आल्या. या न लिहिलेल्या खर्चाचे भीषण रूप ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दिसले. गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले व काहींना प्राण गमवावे लागले.

वस्तुतः काटकसर आणि सोय यांचे हाडवैर नाही. बारा डब्यांच्या गाडीस तीन डबे जोडले की डबे पंचवीस टक्क्यांनी वाढतात. मोटरमन व गार्ड मात्र तेवढेच लागतात आणि वेळापत्रकात एकाच फेरीची जागा पुरते. पश्चिम रेल्वेवर अशा गाड्या २००९ पासून धावत आहेत. फलाट लांबविण्याचा खर्च एकदाच होतो. लाभ वर्षानुवर्षे मिळतो.

उरलेला तोटा कोणी सोसावा? स्टेशन झाले की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात. कामगार वेळेवर पोचतो म्हणून कचेऱ्या व कारखाने चालतात. हे लाभार्थी त्या लाभाचे तिकीट काढीत नाहीत. जमिनीच्या वाढत्या मोलाचा वाटा रेल्वेकडे वळविणे, हे भाडेवाढीपेक्षा अधिक न्याय्य आहे.

वातानुकूलित गाडीस आमचा विरोध नाही. तिची बंद दारे जीव वाचवितात. मात्र ती जादा फेरी म्हणून यावी. साधी फेरी रद्द करावयाची असेल, तर तिच्यातील माणसे कोणत्या गाडीत मावणार, याचा लेखी हिशेब रेल्वेने आधी प्रवासी संघटनांपुढे ठेवावा. तो देता येत नसेल, तर फेरी रद्द करू नये.