खातं भाड्याने देणाऱ्यांना शेवटची मुदत

पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम असं सगळं ‘किट’ काही हजारांच्या कमिशनवर जो कोणी ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवायला दुसऱ्याच्या हाती देतो, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. तो नाशिक रोडच्या बिटकोजवळ राहत असो, जेलरोडला असो की दसक-पंचकला. महिनाअखेरपर्यंत ते खातं बंद करायला बँकेत लेखी अर्ज द्या. त्यात आलेल्या अनोळखी पैशाला हात लावू नका. सायबर पोलीस ठाण्यात जा आणि किट कोणी मागितलं, कुठे दिलं, ते स्वतःहून सांगा.

‘मी फक्त खातं दिलं, फसवलं दुसऱ्यानं’ ही सबब आईसमोर चालेल, कोर्टासमोर टिकेल या भरवशावर राहू नका. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला झाला आणि 94 कोटींच्या वर रक्कम गेली. त्यातली बहुतेक रक्कम 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढली गेली. डाव रचणारे परदेशात राहिले. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली, ती बनावट कार्डं घेऊन देशातल्या एटीएमवर गेलेल्यांना आणि त्यांच्या साथीदारांना. कमिशनसाठी उभा राहिलेला माणूसच आधी सापडतो, कारण कॅमेऱ्यात चेहरा त्याचा असतो आणि खात्यावर नाव त्याचं.

तेव्हा तीन-चार वर्षांवर भागलं. जुलै 2025 मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या न्यायालयाने ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोट्या अटकेची भीती घालून पैसे उकळण्याच्या, एका प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप दिली. त्यांत महाराष्ट्रातून पकडलेलेही होते.

कायदा नीट वाचा. दुसऱ्याची ओळख, पासवर्ड वापरणं किंवा तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं, यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी आणि 66डीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) लागलं तर सात वर्षांपर्यंत. संघटित टोळीचा भाग असल्याचं सिद्ध झालं, तर कलम 111 पाच वर्षांच्या खाली येत नाही, वर जन्मठेपेपर्यंत जातं आणि दंड किमान पाच लाख. खोट्या कागदांवर सिम काढलं तर 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेची तर पुढची गोष्ट. खातं त्याआधीच गोठतं. पगार त्याच खात्यात येत असेल तर तोही अडकतो. तक्रार हैदराबादची असली तर तिथले पोलीस इथे दारात येतात. नोटांच्या प्रेसमध्ये, रेल्वेत किंवा लष्करात भरती व्हायचं स्वप्न असलेल्या पोरानं चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघाल्यावर काय होईल, याचा आजच विचार करावा.

2024 या एका वर्षात देशातल्या लोकांचे 22 हजार कोटींहून अधिक रुपये सायबर फसवणुकीत गेले. त्यातला बराच पैसा कोणाच्या तरी भाड्याच्या खात्यातून पुढे सरकला. त्यात कोणाची ग्रॅच्युइटी होती, कोणाच्या मुलीच्या लग्नाची ठेव. काही हजारांचं कमिशन घेताना हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून मला तुमचा राग येतो.

आता घरातल्या मोठ्यांना, वयाचा मान राखून सांगतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. सीबीआय, ईडी, पोलीस, न्यायाधीश, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. रिझर्व्ह बँक तुमचे पैसे ‘पडताळणी’साठी कोणत्याही खात्यात भरायला सांगत नाही. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी तरी ‘पडताळणी’ या एका शब्दाला बळी पडू नये. समोरचा ‘घरच्यांना सांगू नका, फोन ठेवू नका’ म्हणाला की त्याच क्षणी फोन ठेवा आणि मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला हाक मारा. लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून व्हॉट्सअपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

फसलात तर लाजून गप्प राहू नका. त्याच मिनिटाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा. पैसा पुढच्या खात्यात उडी मारण्याआधी तिथे अडवता येतो, दुसऱ्या दिवशी तो बहुधा हाताबाहेर गेलेला असतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर पाहता येतं. आजच पाहा.

महिना संपल्यावर विनंती संपेल. आपल्या भागात किट गोळा करणारा कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते पोलिसांना सांगावं. माझ्या कानावर आलेलं नाव मी स्वतः सायबर पोलीस ठाण्यात देईन, ते ओळखीच्या घरातलं असलं तरी.